आयडलिंग सेट होईपर्यंत

२ फेब्रुवारी २०११, बुधवार

आमच्या कंटेनर यार्डाने यंदाही पगारवाढीच्या जागी डायरी दिली. पहिल्याच पानावर मालकाचा फोटो, म्हणजे लिहायला बसलं की आधी त्याचं तोंड बघायचं. ते पान फाडून सुरुवात करतोय. लिहायचं कारण एवढंच, की बायको किशोरी बाळंतपणाला उरणला माहेरी आहे, आणि रोडपालीच्या या फ्लॅटमध्ये माझे टोमणे ऐकायला आता फक्त आई उरली. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ती ऐकत नाही.

नोंद करण्यासारखी बातमी म्हणजे गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. म्हणजे किशोरीला झाली, मी बाहेर बाकड्यावर बसून नर्सची बोलणी खात होतो. पोरगी दिसायला सध्या तरी चिडलेल्या तहसीलदारासारखी आहे. हे मी तिथेच बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. उरणच्या माणसांना विनोदाचं अंग कमी.

दुसऱ्या दिवशी यार्डात पेढे वाटले. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा आपल्याकडे एक महान नियम आहे. कुठल्या ऋषीने घालून दिला देव जाणे. माझ्या पोरीने काय कुणाचं घोडं मारलंय, की तिच्या नावाने दोन नंबरची मिठाई वाटायची? चांगले दोन किलो पेढे नेले. सगळे पाठ थोपटून म्हणाले, "वा शैलेशभाऊ, वारस आला." मी म्हटलं, आला. तिथे क्रेन चालू, ट्रेलर चालू, त्या आवाजात कुणाकुणाला समजावत बसू? ज्याला अक्कल आहे त्याला कळेल.

परवा बारसंही झालं. नाव वेणू. बारशाला मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की सव्वा महिना झाला की माझ्या पोरीला मी माझ्या गाडीतून घरी नेणार. तसंही आमच्यात बाळंतिणीला न्यायला नवऱ्याने स्वतः जायचं असतं. सासूच्या उंबऱ्याशी उभं राहायचं, तिने बायकोची ओटी भरायची, मग निघायचं. दुसऱ्या कोणी आणून सोडली तर दोन्ही घरांचं नाक कापलं जातं म्हणे. सत्तावीस तारखेचा रविवार ठरला.

६ फेब्रुवारी, रविवार

केतन येऊन गेला. केतन म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, ज्याच्या सल्ल्याने मी आजवर एक नोकरी, एक मोबाइल आणि एक दात घालवला आहे. तो म्हणाला, "तुझ्या गाडीला पिकअप नाही. बायको, पोर, आई, सामान आणि वर एसी. उरण रोडला ट्रेलरला ओव्हरटेक करताना काय करशील? खाली उतरून ढकलशील?"

तो क्वचितच खरं बोलतो, पण हे खरं होतं. उरण रोडवरच्या चाळीस फुटी ट्रेलरचे कागद मीच बनवतो. त्यांचे ड्रायव्हर किती झोपतात आणि ब्रेक कितपत लागतात हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांच्या बायकांनाही नसेल. त्या रांगेत माझी पोर मागच्या सीटवर असणार.

केतनकडे उपाय तयार. मोठ्या इंजिनाच्या एका भंगारातल्या गाडीची थ्रॉटल बॉडी त्याच्या ओळखीत आहे. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाक. आत एक गोल झडप असते, ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि हवा आत जाते. नाक मोठं तर श्वास मोठा, श्वास मोठा तर पिकअप मोठा. इतकं सोपं असतं तर कारखानेवाल्यांनीच का नाही केलं, असं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

नाक बसवलं. कळंबोलीच्या दयाराम मेकॅनिकने सकाळी काढलं, दुपारी घातलं, मधल्या वेळात माझ्याच पैशाने मिसळ खाल्ली. जुनी थ्रॉटल बॉडी बदल्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत वितळलीसुद्धा असेल. परतीचे दोर कापले, असं केतन अभिमानाने म्हणाला.

पिकअप खरंच जबरदस्त. हायवेला गाडी अशी निघाली की केतनच्या हातातलं शीतपेय त्याच्या शर्टात गेलं. खूप बरं वाटलं.

मग सिग्नल आला. मी पाय काढला आणि गाडी तशीच ओरडत राहिली. आरपीएमचा काटा दोन हजारावर. उभी गाडी आठशे-नऊशेवर शांत गुरगुरायला हवी, त्यालाच आयडलिंग म्हणतात. ही उभ्या उभ्या शर्यतीला निघाली होती. शेजारच्या स्कूटरवरची बाई माझ्याकडे जे बघत होती ते मी इथे लिहीत नाही.

दयाराम म्हणाला, "कॉम्प्युटर शिकतोय, साहेब. नवीन नाक आहे, सवय व्हायला पाहिजे. दोन दिवस द्या त्याला."

दिले.

१४ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर अजून शिकतोय. बालवाडीत असावा.

किशोरीचा फोन आला. वेणू आता बोट धरते म्हणाली. मी म्हटलं, लाच घ्यायचीही सवय लावा, तहसीलदार आहे. मग ती मध्येच म्हणाली, "यार्डात पेढे वाटलेस?" मी म्हटलं, वाटले की, तुझ्या प्रितमनेच चार उडवले. प्रितम म्हणजे तिचा चुलतभाऊ, आमच्याच यार्डात क्रेनवर आहे. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटतं तिला पेढे मिळाले नाहीत म्हणून रुसली. बाळंतिणीला गोड खावंसं वाटतंच. उद्या प्रितमच्या हाती अर्धा किलो पाठवतो, सासरवाडीला कळू दे जावई कसा आहे.

१९ फेब्रुवारी, शनिवार

दयारामने झडपेखालचा स्क्रू पिळून आयडलिंग खाली आणलं. आता दुसरं नाटक. उभ्या गाडीत काटा नऊशेवरून अठराशेवर जातो, परत नऊशे, परत अठराशे. दम्याच्या पेशंटसारखी गाडी धापा टाकते. एसी लावला की बंदच पडते.

मग साबणाचं पाणी मारून बघितलं. जिथे बुडबुडे खेचले गेले, तिथून चोरून हवा आत जात होती. नवीन नाकाचं भोक आणि इंजिनाच्या भोकाचा मेळ नाही, मधलं गास्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, एका बाजूने उघडं. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा शिकत होता, पण शाळेलाच भिंत नव्हती. दयारामने कात्रीने नवीन गास्केट कापलं. थोडा फरक पडला.

पेढे पोचले. किशोरीला विचारलं, कसे होते? म्हणाली, "तुमचे पेढे आईने शेजारी वाटून टाकले." आजवर नवऱ्याला अरे-तुरे करणारी बाई आता अहो-जाहो करायला लागली. बाळंतपणाने माणूस सुधारतं ते असं.

२७ फेब्रुवारी, रविवार

आज न्यायला जायचं होतं. निघालो.

पनवेल सोडेपर्यंत ठीक. गव्हाण फाट्याजवळ ट्रेलरची रांग लागली. मी ब्रेक दाबला, क्लच दाबला, आणि इंजिन गपकन बंद. गाडी रस्त्याच्या मधोमध. आरशात बघतो तर मागच्या ट्रेलरची फक्त जाळी दिसत होती, आख्खा आरसा भरून. त्याचा ब्रेक किंचाळल्याचं आठवतंय. तो माझ्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या सात पिढ्या काढत होता आणि मी चावी फिरवत होतो. चावी दोनदा खाली पडली.

मागची सीट रिकामी होती, म्हणून बरं. त्या सीटवर मी गादी शिवून बसवली आहे, उन्हासाठी काचेला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावलाय. मी वळून तिकडे बघत राहिलो. मग गाडी फिरवून घरी आलो.

उरणला फोन केला. म्हटलं, आयडलिंग बसत नाहीये, पुढच्या रविवारी येतो. ट्रेलरचं सांगितलं नाही, उगाच दूध आटायचं तिचं. किशोरी म्हणाली, "तुमच्या सोयीने या." समजूतदार आहे.

रात्री वर्ल्ड कपची भारत-इंग्लंड मॅचही टाय झाली. आजचा दिवसच कुठेही न पोचण्याचा.

६ मार्च, रविवार

पुढचा रविवार आला आणि गेला. गाडी दारात धापा टाकतेय.

सकाळी आई म्हणाली, "रिक्षा कर न जा. पोरीला आनाला गारीच कशाला पायजे?"

मी म्हटलं, त्या ट्रेलरांच्या मधून तीन चाकांवर? आणि बारशाला सगळ्यांसमोर काय बोललो होतो मी?

"लोका काय बोलतान तुला ठाव नाय."

लोकांना दुसरा उद्योग नाही, असं मी तिच्या न ऐकणाऱ्या कानात सांगितलं.

दुपारी खुद्द सासूबाईंचा फोन. कृष्णाबाई उरणच्या बाजारात मासळी विकते. तिचा आवाज फोनशिवायही रोडपालीला पोचेल. म्हणाली, "जावयबापू, पोरीचा तोंड बगाचा नसंल त तसा सांगून टाका. आमच्या घरान ती जड नाय झाली."

सासूबाईंना थट्टा जमायला लागली हे बघून मला आनंद झाला. मीही त्याच तालात म्हटलं, "जड करू नका म्हणजे झालं. पापलेट कमी घाला तिला, नाहीतर माझी गाडी ओढायची नाही."

फोन कट झाला. उरणला रेंजचा प्रॉब्लेम कायमचाच.

९ मार्च, बुधवार

मोठा शोध लागला. झडपेच्या बाजूला एक सेन्सर असतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की तो कॉम्प्युटरला सांगतो, बाबा रे, पाय काढला, आता तू आयडलिंग सांभाळ. आमचा सेन्सर नवीन नाकावर तिरका बसला होता, त्यामुळे पाय काढला तरी तो काहीच सांगत नव्हता. आणि कॉम्प्युटर समजत होता की मालकाचा पाय अजून वरच आहे. महिनाभर इतका गैरसमज, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. यंत्रंसुद्धा किती बावळट असतात.

दयारामने मीटर लावून सेन्सर सरळ केला. काटा साडेआठशेवर येऊन थांबला. मी इंजिनावर पाण्याचा ग्लास ठेवला, एक थेंब सांडला नाही. वेणूची झोप मोडायची नाही अशी गाडी झाली. दयारामला मिठी मारली, त्याच्या अंगाला ऑइल होतं, तरी मारली.

इंजिन गरम झालं आणि गाडी बंद पडली. पुरती थंड होईपर्यंत चालूच होईना. थंड असली की संत, गरम झाली की ढिम्म. दयाराम डोकं खाजवत म्हणाला, "शिकलेलं विसरला वाटतं."

१४ मार्च, सोमवार

आज यार्डात प्रितमला गाठलं. तो हल्ली मला बघून क्रेनवरच बसून राहायचा. मी म्हटलं कालच्या रविवारीही जमलं नाही, निरोप दे, पुढचा नक्की. तो खाली उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावोजी, राग मानू नका. मुलगी झाली याची एवढी लाज वाटते का तुम्हाला?"

मी हसलो. मला खरंच वाटलं तो थट्टा करतोय.

"तुम्ही इथे पेढे वाटलेत. सगळ्यांना वारस आला म्हणून सांगितलंत. मी समोर होतो. मी घरी जाऊन बोललो. किशोरीताईने विचारलं तर तुम्ही तिलाही हो म्हणालात. वर परत घरी पेढे पाठवलेत, तेही माझ्याच हाती. आणि आता गाडीचं कारण. कधी सासू बोलली तर तिला म्हणता पोरीला खायला घालू नका."

मी म्हटलं, अरे पण गाडी खरंच.

"पनवेल-उरण एसटी बंद नाही झाली, भावोजी." मग म्हणाला, "ताईने सांगितलंय घरी. आता तुम्ही न्यायला आलात तरी ती येणार नाही. शिमग्याला मोठी माणसं जमतील तेव्हा बोलणार आहेत."

तो परत वर चढून गेला. मी तिथेच उभा होतो. एका ट्रेलरने हॉर्न मारला तेव्हा बाजूला झालो.

फोन लावला, किशोरीने उचलला नाही. कृष्णाबाईनेही नाही. मागची पानं वाचून काढली. प्रत्येक पानावर मी केवढा हुशार आहे. मला त्या माणसाचा संताप आला.

१५ मार्च, मंगळवार, उरण

रजा टाकली आणि गाडीनेच निघालो. एसटीने जायला हवं होतं हे आता कळतंय, पण सकाळी डोक्यात एकच, की गाडी घेऊन गेलो नाही तर गाडीचं कारण खोटं होतं असं म्हणतील.

इंजिन गरम झाल्यावर पाय काढायची सोय नव्हती. फाट्यावर, चौकात, प्रत्येक ट्रेलरच्या मागे डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाच्या टाचेने ब्रेक आणि बोटांनी ॲक्सिलरेटर. उरणला पोचेपर्यंत पोटरीत गोळे आले होते.

कोळीवाड्यातल्या गल्लीत गाडी घातली. घरासमोर कृष्णाबाई आणि शेजारच्या दोघी ओल्या जवळ्याचे गोळे मोडून वाळत घालत होत्या. मी थांबलो. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मला उतरता येत नाही. पाय काढला की गाडी मेली, आणि गरम असताना मेली की तासभर उठत नाही. मग घरी कसं नेणार यांना?

म्हणून मी बसून राहिलो, रेस देत. गल्लीभर तो आवाज. किशोरी दारात आली. खांद्याशी वेणू. तिने कानावर हात ठेवला, स्वतःच्या नाही, पोरीच्या. मी खिडकीतून हाताने खूण केली, या, या. कुणी हललं नाही. मी परत खूण केली.

कृष्णाबाई उठली, हात पदराला पुसत जवळ आली. ओरडली नाही. हळू म्हणाली, "उतराचा पन नाय काय? उभ्या उभ्याच न्याची हाय? सामान हाय काय ती?"

मी किशोरीकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. रडून झाल्यावर असतात तसे. मला एवढी भीती त्या ट्रेलरसमोरही वाटली नव्हती.

पाय काढला. गाडीला एक आचका बसला आणि ती बंद पडली. गल्लीत एकदम शांत झालं. मी उतरलो, दार लावलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

तोंडात नेहमीप्रमाणे काहीतरी चटपटीत आलं होतं. ते बाजूला सारून जे उरलं ते सांगितलं. वाक्यं नीट लागत नव्हती. फाट्यावर गाडी बंद पडली होती, ट्रेलर हातभर राहिला. मागे ही असती तर, असं वाटलं. तेव्हापासून हिंमत होत नव्हती. आणि पेढे हिचेच होते. बर्फी हिच्यासाठी कमी वाटली मला. वारस म्हणाले तेव्हा हिलाच म्हणतायत असं धरून हो म्हणालो.

किशोरी ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला फोनवर सांगायला तुझं काय जात होतं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"यार्डात फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

लावला. ऑफिसातल्या महादेवने उचलला. म्हणाला, काय शैलेशभाऊ, वारस कसा आहे? गल्लीतल्या बायका, सासू, बायको, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मुलगी आहे रे. पहिल्या दिवसापासून मुलगीच आहे. वेणू नाव. पेढे तिचेच होते, सगळ्यांना सांग. तो गोंधळून म्हणाला, अरेच्चा, मग बर्फी नाही का वाटायची? मी म्हटलं, नाही वाटायची.

किशोरीने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि वेणूला माझ्याकडे दिली. "धर. दोन महिन्यांची होत आली, बापाने अजून एकदा उचललेली नाही."

मी कधी उचललीच नव्हती. बारशालाही नाही, माझ्या हातून पडेल म्हणून. पण कोणाला तसं सांगितलं नव्हतं. ती इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या शर्टाचं बटण तिने मुठीत धरलं आणि सोडेना. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, त्याला इलाज नव्हता.

कृष्णाबाई परत जवळा पसरायला बसली. ओटीचं काही बोलली नाही. चहा मात्र पाठवला.

संध्याकाळी मासळीचा टेम्पो आत यायचा होता, तेव्हा चौघांनी गाडी ढकलून समुद्राच्या बाजूला लावली. आता थंड झाली असेल, कदाचित चालूही होईल. मी बघायला गेलो नाही. रविवारी शिमगा सरेपर्यंत इथेच राहा, असं किशोरीने सांगितलंय. येते की नाही ते सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

आत्ता वेणू मांडीवर झोपलीय, म्हणून अक्षर असं. मघाशी किशोरी दुपटी घडी करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी पनवेलची एसटी किती वाजता असते?"

एक फार चांगला टोमणा तोंडाशी आला होता. मी म्हटलं, "सकाळी स्टँडवर जाऊन विचारून येतो."